फ्लेक्सवरची साडी

आमच्या भागात फ्लेक्स कधी वाया जात नाही. वाढदिवस सरला, मिरवणूक पांगली की चौकातला फ्लेक्स ज्याच्या हाती लागेल त्याचा. मग तो सोयाबीनच्या ढिगावर पडतो, गोठ्याला आडोसा होतो, नाहीतर न्हाणीचं दार. इथं कानडी मुलखात, राजेश्वरच्या पुढं एका खेड्यात मी मराठी शाळेत चित्रकला शिकवते, आणि फुकटच्या वस्तूंवर माझा फार जीव. त्यामुळे मला घबाडच मिळालं. मागची बाजू पांढरी, पाण्याला भीत नाही, सहजी फाटत नाही. गॉगल घालून हात जोडणाऱ्या कितीतरी पुढाऱ्यांचे आमच्या मुलांनी मुखवटे केले, पेनं ठेवायचे डबे केले. कानडी अक्षरं कापली, मराठीही कापली. कुणी तक्रार केली नाही.

त्या दिवशी पाचवीच्या वर्गात फुलांचं तोरण करायचं होतं. आमच्या घरमालक अण्णांनी ढिगावरचा एक जुना फ्लेक्स दिला होता. छापलेली बाजू चिखलानं माखलेली. ती पुसून बघावी एवढा धीर माझ्यात नाही; हात चालायला लागले की मला थांबता येत नाही. पांढरी बाजू वर करून तो फरशीवर पसरला आणि मोठ्या कात्रीनं त्याच्या उभ्या पट्ट्या करून वाटून टाकल्या.

थोड्या वेळानं बघते तर एक मुलगी पट्टी उलटी करून ओल्या फडक्यानं पुसत बसलेली. एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात असणारी शांत पोर.

"कामून बसलीस गं? सगळे फुलं करायलेत की," मी खेकसले.

तिनं पट्टी माझ्यापुढं धरली. एक डोळा, अर्धं कुंकू, आणि वर मोठ्या अक्षरांत नुसतं 'पुण्य'.

"आमची आई हाय, बाई."

तिची आई गेल्याचं मला ठाऊक होतं. तिच्या वर्षश्राद्धाला चौकात लागलेल्या याच फ्लेक्सखालून मी आठवडाभर शाळेत आले होते. घरात आईचा दुसरा मोठा फोटो नाही, हेही ती मागं एकदा बोलली होती. आणि त्यावर मीच कात्री चालवली होती.

न सांगता मुलांनी आपापल्या पट्ट्या आणून दिल्या. फरशीवर त्या शेजारी शेजारी लावल्या. चेहरा दोन पट्ट्यांत गेला होता. खालच्या एका कोपऱ्याचं फूल होऊन गेलं होतं. मला रडू आलं, आणि मुलांसमोर आलं म्हणून स्वतःचा रागही आला.

"मी नवीन करून आणते," मी म्हणाले. "फ्लेक्सच्या दुकानात फोटो असंल."

तिनं चेहऱ्याखाली बोट ठेवलं. मग म्हणाली, "ही साडी आईची न्हाई."

गळ्याखाली हिरवी रेशमी साडी होती, रुंद जरीची.

"फोटोत आईनं सदरा घातला होता, बाई. अप्पाचा. कामाला जाताना घालायची तसा. दुकानवाल्यानं त्यो काढला आन् ही लावली. अप्पा म्हणला, बरी दिसंल."

आमच्याकडं शेतात जाणाऱ्या बायका साडीवर नवऱ्याचा जुना सदरा घालतात. ऊन, पाचोळा अंगाला लागत नाही. त्या बाईला मी तशीच बघितली होती, बाह्या दुमडून, डोक्यावर गवताचा भारा घेऊन. आणि ही हिरवी साडी मी आणखी दोन गेलेल्या बायकांच्या फ्लेक्सवर बघितली होती. तेव्हा माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं.

चेहऱ्याच्या दोन पट्ट्या मी मागून चिकटपट्टी लावून जोडल्या. तिनं बोटानं दाखवलं, तिथं मानेखाली कापून दिल्या. तो चेहरा तिनं वहीत घातला, वही दप्तरात. मग उरलेली हिरवी साडी तिनं मुलांच्या पुढं सरकवली.

"ह्याची फुलं करा."

कुणी हात लावेना. मीही लावला नाही.

"कापा की. आईची न्हाई ती," ती म्हणाली, आणि जरीच्या काठापासून तिनंच सुरुवात केली.