भर समुद्रात आडवी ठेवलेली काठी

त्या चैत्रात देवीला जायचंच नाही, असं मी बायकोला सांगून टाकलं होतं. देवीवर राग नव्हता. राग होता अण्णावर, माझ्या थोरल्या भावावर. वडील गेले, आम्ही वेगळे झालो, तेव्हा जयनगरच्या घराबरोबर देव्हाऱ्यातले चांदीचे टाकही त्याच्याकडेच राहिले. मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, येलहंक्याला भाड्याच्या खोलीत गेलो. तिथे कॅलेंडरमधून कापलेलं देवीचं चित्र चौकटीत बसवून मी पूजा सुरू केली. पुढे पडद्याच्या कापडाचे गठ्ठे खांद्यावर वाहून दुकान उभं केलं, घर बांधलं, सागवानी देव्हारा करून घेतला, पण आत चित्रच राहिलं. धाकट्याने नवे टाक करून घ्यायचे असतात, असं सगळे सांगत. मला नवे नको होते. आईने ज्यांना हळदकुंकू वाहिलं तेच हवे होते. माझं डोकं लवकर तापतं. सणावारी हा विषय निघाला की मी भरल्या पानावरून उठत असे.

दुसरा मान काठीचा. आमच्या कुळाची देवी किनाऱ्यापासून बरीच आत, समुद्रातल्या एका खडकाळ बेटावर आहे. तिची काठी माणसापेक्षा उंच, रेशमी कापड गुंडाळलेली, टोकाला पितळी कळस. वर्षभर ती किनाऱ्यावरच्या पुजाऱ्याच्या घरी असते. चैत्रात पूजा करून उचलली की बेटावर पोचेपर्यंत आडवी करायची नाही, असा आमचा नेम. वडिलांच्या मागे अण्णाच ती धरून बोटीत उभा राहायचा आणि मी मागे नारळाच्या पिशव्या सांभाळत बसायचो. काठीचं कापड दरवर्षी माझ्या दुकानातून जायचं, ही गोष्ट कोणाच्या लक्षातही नसे. माझ्या असे.

त्या वर्षी अण्णाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. त्याने फोन केला. "तम्मा, यंदा काठी तू धर." धाकटा म्हणून तो मला लहानपणापासून तम्माच म्हणतो.

"गुडघा गेला म्हणून माझी आठवण झाली का?"

"तसं समज. पण ये."

गेलो. आम्ही दोघे भाऊ आणि आमच्या बायका. किनाऱ्यावर बोटवाल्याचा भाव ऐकून मी नेहमीसारखा पेटलो. "अण्णा, बेगा बेगा," तो मलाही अण्णाच म्हणत कानडीत घाई करत होता, "दुपारनंतर ढग भरतात." घाई दाखवून भाव टिकवायची युक्ती मला नवी नव्हती. मीही दुकानात तेच करतो. वहिनी म्हणाली, "भावोजी, देवीकडेही डिस्काउंट मागणार का?" सगळे हसले, मी नाही. शेवटी त्याला खाली आणलं, पण त्या घासाघिशीत सकाळ संपली.

बोट उघडी होती. वर छप्पर नाही, आडोसा नाही. मी मधोमध काठी घेऊन उभा राहिलो. खरं सांगतो, त्या वेळी मनात देवी कमी आणि मागे बसलेला अण्णा जास्त होता. आता बस तू पिशव्यांजवळ, असं मनात म्हणून घेतलं.

ढग समोरून, समुद्राकडून येतील असं मला वाटत होतं. ते आले मागून, घाटाच्या बाजूने. पाण्याचा रंग शिशासारखा झाला आणि वारा एकदम गार लागला. परतायचं तर त्या ढगाखालूनच जावं लागलं असतं, आणि बेट अजून दूर होतं. पहिला गडगडाट झाला तसा बोटवाल्याने आपल्या झेंड्याचा बांबू काढून तळाशी टाकला आणि ओरडला, "कूतकोळ्ळी! सगळे खाली बसा! लोखंडाला हात लावू नका, पाण्यात हात घालू नका!" दोघी जावा एकमेकींना बिलगून फळ्यांवर बसल्या. सगळ्या समुद्रात उंच असं काही उरलं असेल तर तो मी आणि माझ्या हातातली काठी. बायको माझ्या धोतराचा सोगा ओढत होती. मी म्हणालो, "नेम आहे. बसलो तर काठी कलंडेल."

मग कळस गुणगुणू लागला. आधी वाटलं वारा असेल. पण वारा क्षणभर पडला तरी आवाज चालूच राहिला. बारीक, मधमाश्यांसारखा. तो काठीतून हातात उतरल्यासारखा वाटला आणि दंडावरचे केस उभे राहिले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या वर्षांनी देवी आई माझ्याशी बोलत होती, टाक नसलेल्या धाकट्याशी. मी काठी आणखी घट्ट धरली, आणखी उंच केली आणि ओरडलो, "अण्णा, ऐक! आई बोलतेय!"

अण्णा गुडघा धरून सरपटत माझ्यापर्यंत आला. "तम्मा, तिला झोपव."

"तुला बघवत नाही ना माझ्या हातात?"

तो चिडला नाही. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. म्हणाला, "इतकी वर्षं मी धरली, टाक घरात आहेत, रोज पूजा करतो. माझ्याशी ती एकदाही बोलली नाही रे. तुझ्याशी बोलतेय तर ऐक ना तिचं! घाबरलीय ती. दमलीय." मग त्याने खांद्यावरचं उपरणं काढून ओल्या फळ्यांवर अंथरलं. "मान तुझाच. मी हातही लावत नाही. तूच झोपव."

मी का ऐकलं, मला माहीत नाही. त्याचं म्हणणं मी आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं. वाकलो, काठी त्याच्या उपरण्यावर आडवी केली आणि हात सोडले. अण्णाने माझी मान धरून मला खाली दाबलं. आम्ही दोघे डोकी गुडघ्यांत घालून, लहानपणी एका चादरीखाली असायचो तसे बसलो होतो. तेव्हाच सगळं पांढरं झालं. कापडाचं अख्खं ठाण एका झटक्यात फाडल्यासारखा आवाज झाला, फक्त ते ठाण आभाळाएवढं होतं. मग काही ऐकू येईना, नुसता जळका वास. डोळे उघडले तेव्हा बायको माझं नाव घेत होती, हे तिच्या ओठांवरून कळलं. वीज जवळच पाण्यात पडली होती. बोट शाबूत होती. आम्ही पाचही जण होतो. मग धो धो पाऊस आला आणि अण्णा हसत सुटला, मीही. का ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

ढग पुढे निघून गेल्यावर आम्ही बेटावर पोचलो. पायऱ्या अण्णाला चढवेनात. मी काठी उभी केली, आधी त्याच्या कपाळाला लावली आणि मग वर नेली. खाली उतरल्यावर मी बोटवाल्याच्या हातात त्याने सकाळी सांगितले होते तेवढेच पैसे ठेवले. तो मान डोलावून म्हणाला, "सरी, अण्णा," आणि इंजिन पुसायला लागला.

अण्णाचा मुलगा व्हाइटफील्डला कंपनीत आहे. तो म्हणतो, काका, वीज पडण्याआधी धातू असा गुणगुणतो, केस उभे राहतात, त्यात देवाचं काही नाही. असेल. मी वाद घालत नाही. मला एवढंच माहीत आहे की आई बोलली आणि मी उलटं समजलो. ती म्हणत होती, खाली ठेव. मी ऐकत होतो, आता तुझं राज्य.

पुढच्याच महिन्यात अण्णा चालायची काठी टेकत येलहंक्याला आला. लाल फडक्यात टाक बांधून आणले होते. ज्यासाठी अर्धं आयुष्य भांडलो ते समोर होतं आणि तो काही मागतही नव्हता. मी टाक डोळ्यांना लावले, आईच्या हळदीचा पिवळा रंग कडांत शोधला आणि फडकं पुन्हा बांधून त्याच्या हातात दिलं. म्हणालो, "आईने जिथे ठेवले तिथेच राहू देत. मी येईन." आता दर शुक्रवारी जयनगरला जातो. राग सगळा गेला असं म्हणणार नाही. अजून आवाज चढतो, पण आता जेवण पुरं करून उठतो.

घरी सकाळी त्या जुन्या चित्रापुढे बसलो की आधी हे दे, ते दे सुरू व्हायचं, बदल्यात मी काय देईन तेही सांगायचो. आता दोन्ही तळवे उघडे करून मांडीवर ठेवतो. बोटीत काठी सोडली तेव्हा ते असेच रिकामे होते, आणि आम्ही सगळे घरी आलो.