पुंजारामचं शून्य

पुंजाराम पाऊस मोजायचा. ही काय नोकरी झाली, असं अकोले तालुक्याच्या डोंगरात मास्तर म्हणून बदली झाल्यावर मला वाटलं होतं. मी संगमनेरच्या भिक्षुकाच्या घरातला. आमच्याकडे पाऊस आला की माणसं घरात पळतात, हा बाहेर पळायचा.

रतनगडाच्या पायथ्याला, शाळेमागच्या टेपाडावर पाटबंधारे खात्याचं पर्जन्यमापक होतं. पत्र्याचं नळकांडं, वर नरसाळं, आत बाटली. रोज सकाळी साडेआठला बाटलीतलं पाणी काचेच्या मापात ओतायचं, आकडा वहीत टाकायचा आणि आठवड्याचं कार्ड खाली धाडायचं. पुंजारामला आकडे येत, अक्षरं येत नसत. म्हणून कार्ड मी लिहायचो. एकोणीस वर्षांत त्याची एक सकाळ चुकली नव्हती. आषाढात दिवसाला शंभर मिलिमीटर म्हणजे त्याच्या लेखी भुरभुर. समोरच्या कड्यावरून इतके धबधबे कोसळत की मला पाढे ओरडून घ्यावे लागत.

बहात्तर साली जूनमध्ये चार सरी पडल्या आणि पाऊस जो गेला तो गेलाच. कड्यावर धबधब्यांचे नुसते काळे ओघळ उरले. पुंजारामने शून्य लिहिलं. दुसऱ्या दिवशी शून्य. असे अठरा दिवस.

माणूस सैरभैर झाला. सकाळची नोंद झाली तरी तासातासाला टेपाडावर चढायचा, नरसाळ्यात डोकावायचा, बाटलीला भोक पडलंय का ते उन्हात धरून बघायचा. खिडकीतून त्याची ती येरझार दिसली की माझं शिकवण्यातलं लक्ष उडे. खरं सांगतो, मला त्याचा राग यायचा. अरे, टक लावून बघितल्याने का पाऊस पडतो?

एकोणिसाव्या दिवशी वरच्या कचेरीतून कार्ड आलं. ‘ऐन पावसाळ्यात सलग शून्य. पर्जन्यमापकाचा वाचक जागेवर हजर असतो काय? उलटटपाली खुलासा करावा, अन्यथा दुसरा वाचक नेमण्यात येईल.’

मी वाचून दाखवलं. पुंजाराम ताडकन उठला.

“म्या हजर न्हाई? गुरुजी, म्या?”

“चिडू नका. रोज पाच-दहा मिलिमीटर लिहू या. इथं कोण कडमडतंय बघायला?”

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी पेन खाली ठेवलं.

“खाली धरनावर ह्योच आकडा बघून पाटाला पानी सोडत्यात. म्या खोटं धा लिवलं आन त्यांनी खरं पानी सोडलं, मंग?”

मला माझीच लाज वाटली. खुलासा उद्या लिहू म्हणून मी विषय संपवला.

दुसऱ्या दिवशी साडेआठला मी कार्ड घेऊन टेपाडावर गेलो. पुंजारामने बाटली मापात उपडी केली आणि काचेत पाणी आलं. चौदा मिलिमीटर! मी ओरडलोच, “लिहा चौदा! सुटलात!”

तो हसला नाही. वाकून त्याने मातीवर तळहात फिरवला. माती फुफाट्यासारखी कोरडी. नरसाळ्याच्या कडेवरून बोट फिरवलं, तर काल बसलेली धूळ तशीच. मग तो वळला. त्याची बायको गोजरबाई पदर तोंडाला लावून मागे उभी होती.

“गोजर, तू वतलंस?”

“व्हय, म्याच. चार दिस पोटात अन्न न्हाई तुमच्या, डोळ्याला डोळा न्हाई. म्हनलं, बाटलीत पानी दिसलं तर जीव थाऱ्यावर यील.”

“कुठलं पानी?”

“डोहातलं.”

गावची विहीर आटली होती. बाया खाली दरीत, धबधब्याच्या डोहावर जात. तासभर उतरायचं आणि डोक्यावर हंडा घेऊन तेवढंच परत चढायचं. घरात माणशी तांब्याभर पाणी पुरवून वापरत होते. तिने आपल्या वाट्यातलं बाटलीत ओतलं होतं.

सरकारी मापात ढवळाढवळ केली म्हणून तो आता हिला फाडून खाणार, असं मला वाटलं. त्याने काच तिच्यापुढे धरली.

“पी.”

ती नको नको म्हणाली. अर्धं प्यायली आणि उरलेलं त्याच्या हातात ठेवून तो पिईपर्यंत हलली नाही. मग त्याने काच धोतराने पुसली, वहीत शून्य काढलं आणि माझ्याकडे वळला.

“घ्या गुरुजी, खुलासा लिवा.”

“काय लिहू?”

“लिवा, वाचक हजर हाय. वाचकाची बायकू हजर हाय. पाऊस तेवढा हजर न्हाई.”