आईकडून आलेलं

माझा नवरा नागझिऱ्याच्या जंगलात पर्यटकांची जिप्सी चालवायचा. इतकी वर्षं वाघांच्या वाटेवर गाडी हाकली, आणि ह्यांना पाडलं कोणी, तर एका रानडुकरानं. तेही घरी येताना, मोटारसायकलवर. हेल्मेट हँडलला लटकवलेलं. आठवलं की अजून माझं डोकं तापतं.

नागपूरला डोक्याचं ऑपरेशन झालं, जीव वाचला. हे चालायला लागले, माणसं ओळखायला लागले. पण स्वतःहून बोलेनात की काही मागेनात. बसवलं तर बसायचे, तहान लागली तरी पाणी मागायचे नाहीत. ते मला फार लागायचं. त्यात बघायला येणाऱ्यांची रीघ. प्रत्येकाचा एक साडू नाहीतर भाचा असाच पडलेला आणि झटक्यात बरा होऊन धान रोवायला गेलेला. मी चहा द्यायची आणि मनात म्हणायची, निघा आता एकदाचे.

शेवटी तपासणीला गेलो तेव्हा मीच डॉक्टरांना विचारलं, दवाखान्यात ह्यांच्या शेजारच्या खाटेवरचा माणूस दुकानात बसायला लागला, मग हेच का असे? सासूबाई सोबत होत्या. डॉक्टर म्हणाले, "उठावं, मागावं, करावं असं वाटायला मेंदूत काही रसायनं लागतात. माराने ती बिघडतात. ती कोणाच्या मेंदूत टिकतात, कोणाच्या लवकर विरतात. थोडंफार ते आईबापाकडूनच आलेलं असतं. कोणाशी तुलना करू नका. वेळ लागेल."

मला तेवढ्यानं धीर आला.

तोपर्यंत ह्यांना भरवायच्या सासूबाईच. वरणात भात मऊ कालवून घास पुढे केला की हे निमूट तोंड उघडायचे. दुसऱ्या दिवशी त्यांनी ताट माझ्या हातात दिलं आणि परसात मोहफुलं निवडत बसल्या. माझ्या हातून ह्यांनी दोन घास खाल्ले आणि तोंड मिटलं. रोज तेच. गाल बसायला लागले तेव्हा माझा तोल गेला. परसात जाऊन विचारलं, "आई, तुम्ही काऊन भरवत नाही?"

"डाक्टर का म्हणला, आयकलं नाही का? मायबापाकडचंच नडून राहिलं त्याले. बाप तर गेला, उरली मीच. आता माह्या हातचं कायले द्याचं?"

मी कपाळावर हात मारला. ही बाई इतके दिवस एकटीच हे उराशी घेऊन बसली होती, आणि मी तिच्यावर मनातल्या मनात चिडत होते.

"आई, नाक तुमचं, रंग तुमचा, घोरणंसुद्धा तुमचंच. तुमचा हट्ट तर लग्न झाल्यापासून मी ह्यांच्यात सोसून राहिली. त्या हट्टानंच हा माणूस ऑपरेशनच्या टेबलावरून परत आला. वाईट तेवढं तुमचं, आणि चांगलं काय शेजाऱ्यांचं? डॉक्टरनं वेळ लागते म्हटलं, तुमचा दोष म्हटलं नाही. अन् हातच्या घासातून का ते रसायन जाते?"

"बहुत बोलते तू," त्या म्हणाल्या. पण उठल्या, हात धुतले आणि ह्यांच्यासमोर येऊन बसल्या.

पहिला घास भरवतानाच त्यांचे डोळे वाहायला लागले. पदरानं पुसायच्या आणि पुढचा घास कालवायच्या. हे चावत होते, त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मग चावायचे थांबले. मान हळूच माझ्याकडे वळवली.

"माय काऊन रडून राहिली?"

अपघातानंतर पहिल्यांदाच ह्यांना स्वतःहून काही जाणून घ्यावंसं वाटलं, ते हे. सासूबाईंचा हात ताटातच राहिला. मीही शेजारी बसून ढसाढसा रडत होते, पण माझी चौकशी नाही. मी म्हटलं, विचारा, आधी आईचंच विचारा. आणि आणखीच रडू आलं.