घड्याळाच्या हातात फेज

परीक्षा दोन आठवड्यांवर आली आणि माझा आवाज गेला. बसला नाही, गेलाच. भाईंदर पूर्वेच्या एका छोट्या प्रशिक्षण केंद्रात मी वायरमनचा कोर्स शिकवते. ड्रिल आणि हातोडीच्या वर आवाज चढवून बोलायचं, हे रोजचंच. डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाले, "परीक्षा होईपर्यंत एक शब्द नाही. कुजबुजायचंही नाही, त्याने घसा जास्त बिघडतो." मग शिकवायचं कसं, असं विचारायला मी तोंड उघडलं, तर त्यांनी स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं.

घरी येऊन नेहमीचं काम केलं. शिकवायच्या कामांची यादी केली. झालेलं एका बाजूला, राहिलेलं दुसऱ्या बाजूला. राहिलेली बाजू लांबलचक निघाली. बदली शिक्षक मिळणार नाही, असं ऑफिसने आधीच कळवलं होतं. तेव्हा मी कात्री घेतली आणि त्या बाजूच्या पट्ट्या कापल्या, एका पट्टीवर एक काम.

सकाळी फळ्यावर लिहिलं: माझा आवाज गेलाय. पट्टी उचला. जे येईल ते जोडीदाराला शिकवा. मग जोडीदार ते एकट्याने करून दाखवेल. मी फक्त बघणार.

"मॅडम दिवसभर बोलणार नाहीत?" मागच्या बाकावरून आवाज आला. "म्हणजे आज सुट्टीच की!"

डस्टर उचलून दाखवल्यावर हशा थांबला.

गोडदेवच्या जुन्या वस्तीतून येणारी एक मुलगी आमच्याकडे होती. आई मासे विकायची. तिने पट्टी उचलली, वाचली आणि तशीच माझ्या टेबलावर आणून ठेवली. 'तीन पिनांचं सॉकेट.'

"मॅडम, मी याच्यातच नापास झाले होते. मी काय शिकवू? दुसरी द्या ना."

ती खरं बोलत होती. तीन पिनांच्या सॉकेटमध्ये वरचं मोठं भोक अर्थिंगचं. खालच्या दोन भोकांपैकी, समोरून पाहिलं तर, उजवीकडे फेज, म्हणजे करंटची तार, आणि डावीकडे न्यूट्रल. पण तारा जोडायच्या असतात मागून, आणि मागून पाहिलं की उजवं ते डावं होतं. मागे खुणेची अक्षरं असतात, पण आमच्या सामानावरची कधीच घासून गेलीयेत. 'फेज उजवीकडे' हे तिचं चोख पाठ होतं. परीक्षेत तिने मागच्या बाजूने उजवीकडे लाल, म्हणजे फेजची, तार जोडली आणि नापास झाली.

एका लिफ्टवाल्या कंत्राटदाराने तिला सांगून ठेवलं होतं, पास हो आणि कामाला ये. घरी मात्र वेगळंच ठरलं होतं. या खेपेला नाही जमलं तर कोर्स बंद, आईबरोबर टोपली घेऊन बसायचं. तिला ते नको होतं.

आवाज असता तर मी पट्टी बदलून दिली असती. निदान समजूत तरी घातली असती. समजूत घालायला शब्द लागतात. मी पट्टी तिच्या हातात परत दिली आणि तिच्या जोडीदारणीकडे बोट केलं.

जोडीदारीण म्हणजे बेव्हर्ली पार्कात राहणाऱ्या गुजराती भाभी. मुलं मोठी झाल्यावर कोर्सला आलेल्या. अख्खा वर्ग त्यांना भाभीच म्हणायचा. त्यांना एक गोष्ट तीनदा विचारल्याशिवाय चैन पडत नसे.

"हां, बोलो टीचर," भाभी मांडी घालून बसल्या.

"फेज उजवीकडे."

"किसके उजवीकडे? मेरे, तेरे, के दीवार के?"

मुलीने स्वतःकडे बोट केलं, भाभींकडे केलं. मग म्हणाली, "आपल्या."

"आपल्या म्हणजे? तू तो सामने बैठी है. तेरा उजवा वो मेरा डावा."

मुलगी उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसली. "आता?"

"आता ठीक. अब इसको पलट." भाभींनी स्वतःच सॉकेट उलटं केलं. "अब बोल."

मी खुर्चीच्या कडेवर आले होते. उत्तर घशापर्यंत येत होतं आणि तिथेच अडकत होतं. फळ्याकडे जावं म्हणून उठले, तेवढ्यात भाभींनी मान वर न करता हात दाखवला, "मॅडम, तुम्ही नका. टीचर ही आहे." मी बसले.

मुलगी कितीतरी वेळ सॉकेट हातात फिरवत राहिली. समोरून, मागून, पुन्हा समोरून.

"भाभी, हा माणूस हाय असं समजा," ती हळूहळू म्हणाली. "वरचं भोक डोकं. खालची दोन, हात. आपल्याकडं तोंड करून उभा हाय. तर फेज त्याच्या कुठल्या हातात?"

भाभींनी स्वतःचे हात पुढे केले, मग उलट विचार केला. "उसका डावा."

"आता त्याने पाठ फिरवली. डावा हात बदलला का?"

"नाही रे! डावा वो डावाच."

"न्हाय ना बदलत? घड्याळ बांधतो तो हात. फेज घड्याळाच्या हातात. पुढून बघा, मागून बघा."

भाभींनी मागून तारा जोडल्या, डाव्या बाजूला लाल. सॉकेट सुलटं करून बोर्डावर बसवलं. मी स्विच चालू केला. उजव्या भोकात घातलेला टेस्टर पेटला.

"अरे वा, इतकं सोपं होतं?" भाभी म्हणाल्या. "तो तू फेल कशी झाली?"

"तेव्हा कुणी विचारलंच न्हाय ना, कुणाचं उजवं."

परीक्षेच्या दिवशी ती डाव्या मनगटात आईचं घड्याळ बांधून आली. घड्याळ बंद होतं. बाहेरून आलेले परीक्षक कमी बोलणारे. तिचं काम संपल्यावर त्यांनी बोर्डाकडे न पाहता आधी विचारलं, "फेज कुठे दिलीस?"

"घड्याळाच्या हातात, सर."

त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या मनगटाकडे, मग सॉकेटकडे. टेस्टर उजव्या भोकात घातला. पेटला. डाव्या भोकात घातला. नाही पेटला. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि "पुढचा," म्हणाले.

माझा आवाज दोन दिवसांपूर्वीच परत आला होता. तरी मी नुसतं यादीत 'सॉकेट' झालेल्या बाजूला लिहिलं. 

निकाल लागला तेव्हा ती केंद्राच्या जिन्यातच उभी राहून आईला फोन करत होती. पलीकडे बाजाराचा गलका ऐकू येत होता. "आये, पास झाली मी! न्हाय गं, मस्करी न्हाय, खरंच हाय!" आईला नीट ऐकू जात नव्हतं. तिने आणखी दोनदा, जिना दणाणेल एवढ्या मोठ्याने सांगितलं. ड्रिल चालू असती तरी ऐकू गेलं असतं.