साबणाचं उदाहरण

ही गोष्ट मी नवऱ्याला सांगितली नाही, सख्ख्या बहिणीला नाही, आणि देवाला काही सांगायची मला सवय नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही – आणि ओळखत असाल, तर प्रताप नगरातल्या त्या भांडकुदळ मॅडम म्हणून. भांडकुदळ मी आहेच. त्याबद्दल मला काही कबूल करायचं नाही.

चौतीस वर्षं मी बारावीच्या मुलांना अर्थशास्त्र शिकवलं. चौतीस वर्षं पगार हातात पडायच्या आधीच त्यातून प्राप्तिकर कापला गेला. समोरच्या बंगल्यातल्या गृहस्थांचं सीताबर्डीला कापडाचं दुकान आहे. बिल हवं की बिनाबिलाचं, असं ते गिऱ्हाइकाला तोंडावर विचारतात आणि दर दोन-तीन वर्षांनी गाडी बदलतात. त्यांना कोण धरतं? चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय. म्हणून स्टाफरूममध्ये, लग्नाच्या पंगतीत, जिथे कोणी ऐकून घेईल तिथे माझं एकच पालुपद असायचं – प्राप्तिकर रद्द करा, देशभर एकच विक्रीकर लावा. जो खर्च करेल तो भरेल. यात अन्याय कुठे आहे? (बिनाबिलाचं विकणारा विक्रीकर तरी कसा भरणार, हे मला सुचलं नव्हतं. शिकवत मात्र मी अर्थशास्त्रच होते.)

तो राग खरा होता. आजही आहे, आणि कोणासाठी मी तो मागे घेणार नाही. पण मी जे केलं त्याचं कारण तो राग नव्हता. तेवढी सोय मी स्वतःला देणार नाही.

आमच्याकडे पोळ्यांना सुनंदाबाई येतात. तेव्हाही येत होत्या, आजही येतात. बेसा रोडकडून सायकलने. त्यांची मुलगी दीपाली आमच्याच कॉलेजात बारावीला होती. रविवारी आईबरोबर यायची, मला काही निवडून-सोलून द्यायची आणि बोलत बसायची. त्या हिवाळ्यात कॉलेजात वादविवाद स्पर्धा होती. विषय अर्थातच मी दिलेला – प्राप्तिकर काढून एकच विक्रीकर लावणं न्याय्य आहे का. दीपालीने विरोधात नाव दिलं होतं.

एका रविवारी वटाणे सोलता सोलता तिने विचारलं, "मॅडम, तुम्ही पगारातले अर्धे पैसे बँकेत टाकता ना? मग त्या अर्ध्यावर विक्रीकर कसा लागन?"

नाही लागणार, मी म्हटलं. खर्च करीन तेव्हा लागेल.

"आमच्या आईचे तर वीस तारखेलाच संपतात," ती म्हणाली. म्हणजे आईच्या सगळ्याच पैशांवर लागणार की!

सुनंदाबाई पोळपाटावरून ओरडल्या, "काहून डोकं खाऊन राहिली वं मॅडमचं? वटाणे सोल."

मी हसले. पोरगी हुशार आहे, असंही वाटलं. हे तुम्ही नीट ध्यानात ठेवा – तिचा तो मुद्दा माझ्या ओट्याजवळ, माझ्या डोळ्यांसमोर तिला सुचला होता. सुनंदाबाईंचं लक्ष पोळ्यांकडे होतं; तो कुठून आला हे जगात दोनच माणसांना पक्कं ठाऊक होतं, ती आणि मी.

स्पर्धेत ती काय बोलली! हातात कागद नाही, चिठ्ठी नाही. म्हणाली, साबणाची वडी देताना दुकानदार विचारत नाही, बाई, तुमचा पगार किती. एका घरच्या मॅडम आणि त्यांच्याकडे पोळ्या करणारी बाई एकाच दुकानातून एकच वडी घेतात. कर दोघींना सारखा. पण मॅडमची अर्धी कमाई बँकेत जाते आणि पोळ्या करणारीची सगळी दुकानात जाते. मग कर एकीच्या अर्ध्या कमाईवर, दुसरीच्या सगळ्या कमाईवर – याला सारखं म्हणायचं का?

तिने नाव घेतलं नाही. पण तिची आई कोणाकडे पोळ्या करते हे अख्ख्या स्टाफला माहीत होतं. मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या, की काय सांगू. माझ्याच घरात बसून, माझ्याच घरचं उदाहरण, माझ्याच मताविरुद्ध?

नंतर चहा घेताना मुख्य परीक्षक मला म्हणाले, पहिला नंबर त्या मुलीचाच, फक्त एक विचारायचं होतं – हे तिचं स्वतःचं आहे ना? या वयात इतकं स्वच्छ कोणी मांडत नाही.

आता बघा, मला फक्त 'हो' म्हणायचं होतं. 'माहीत नाही' म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"नाही," मी म्हणाले. "कुठल्याशा मासिकातून पाठ केलंय. मी वाचलंय ते."

मासिकाचं नाव त्यांनी विचारलं नाही. माझ्या शब्दाला किंमत होती.

पहिला नंबर दुसऱ्याला गेला. पुढच्या फेरीला तोच गेला. बक्षीस समारंभात परीक्षकांनी माइकवरून, कोणाचं नाव न घेता, भाषण स्वतःच लिहावं, उसनवारी करू नये, असं दोन मिनिटं सांगितलं. नाव घ्यायची गरजच नव्हती. तिसऱ्या रांगेतून दीपालीने माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं असावं, आता मॅडम उठतील. मी पर्समध्ये चष्मा शोधत बसले. चष्मा डोळ्यांवरच होता.

तिला वकील व्हायचं होतं. माझ्या एका वाक्याने ती वकील झाली नाही, असं मी म्हणणार नाही, तेवढी थोर मी नाही. पण ती पुन्हा कधी माइकसमोर उभी राहिली नाही, ते माझ्यामुळे. आमच्या घरी पुन्हा आली नाही, तेही माझ्यामुळे. आणि आईला तिने यातलं एक अक्षर सांगितलं नाही. का, ते मला चांगलं कळतं. सुनंदाबाईंना सगळ्यांत जास्त पैसे आमच्याच घरून मिळायचे.

इथे संपलं असतं तरी पुरेसं वाईट होतं. पण नाही.

निवृत्तीनंतर आमच्या ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळात अर्थसंकल्पावर चर्चा होती. एक गृहस्थ उठून माझंच जुनं पालुपद म्हणू लागले. मी उभी राहिले – आणि माझ्या तोंडून साबणाची वडी बाहेर पडली. मॅडम, पोळ्या करणारी, अर्धी कमाई, सगळी कमाई, सगळं जसंच्या तसं. टाळ्या पडल्या. केवढा मुद्दा मांडलात, असं लोक म्हणाले. हे तुमचं स्वतःचं आहे का, असं मला कोणी विचारलं नाही. मंडळाच्या पत्रिकेत ते माझ्या नावाने, फोटोसकट छापून आलं. मी छापू दिलं.

गेल्या आठवड्यात सुनंदाबाईंनी तो अंक पाहिला. "माह्या दीपालीले दाखवतो," म्हणत पिशवीत घालून घेऊन गेल्या. मला अडवता आलं असतं. नाही अडवलं.

दुसऱ्या दिवशी कणीक मळता मळता त्या कौतुकाने म्हणाल्या, "वाचलं तिनं पूर्ण. म्हणे, बरोबर लिहिलं मॅडमनं."

एवढंच?

"घडी करून ठेवून देलं. लय मानते तुमाले."

मी दोन पोळ्या खाल्ल्या आणि ताट उचललं.

आता तुम्ही म्हणाल, झालं ते झालं, इतक्या वर्षांनी उकरून काय उपयोग? उपयोगासाठी मी हे लिहिलेलं नाही. माफी मागून मोकळं व्हायचा माझा बेत नाही, आणि तुम्ही मला समजून घ्यावं असंही मुळीच नाही. मी एका मुलीचा मुद्दा खोटं बोलून तिच्याकडून काढून घेतला आणि पुढे तो माझा म्हणून वापरला. चोर म्हणून मी समोरच्या दुकानदाराकडे आयुष्यभर बोट दाखवलं.

हे कागद मी उद्या सुनंदाबाईंच्या पिशवीत घालणार आहे, त्या अंकासारखेच. फक्त या वेळी सांगणार आहे, घरी न्यायच्या आधी तुम्ही वाचा. त्यांना वाचता येतं. दीपालीनेच शिकवलंय.

परवापासून बहुतेक पोळ्या मलाच कराव्या लागतील. येतात मला.