खांबाजवळचा माणूस

कॅलिफोर्नियात सांता क्लाराला माझ्या शेजारच्या टेबलावर काम करणारी मैत्रीण चीनमधल्या च्वानचौ या जुन्या बंदराची. पंच्याऐंशी साली तिने मला तिच्या माहेरी नेलं. तिच्या वडिलांनी जुनी मशीद दाखवली, मग एका बौद्ध मंदिराच्या मागे नेलं. तिथल्या खांबावर चक्क नृसिंह! कधीकाळी तमिळ व्यापाऱ्यांनी कोरून घेतलेला. बाबांनी रुमालाने त्याचं धुळीने भरलेलं तोंड पुसलं, तेवढ्यात मी फोटो काढला.

पुढच्या वर्षी बाबा गेले. व्हिसाच्या भानगडीत तिला जाता आलं नाही. माझ्याकडे प्रोजेक्टर नव्हता, म्हणून त्या फोटोची स्लाइड तिने खिडकीशी धरून पाहिली होती. त्यात बाबा नखाएवढे दिसत. त्यामुळे तिथल्या मराठी मंडळाने गणपतीत माझ्या स्लाइड्सचा कार्यक्रम ठेवला, तेव्हा बाबांना पडद्यावर मोठं बघायला ती शेंगदाण्याच्या वड्या घेऊन आली.

प्रोजेक्टरचा ताबा मंडळाच्या एका काकांनी घेतला. "बघा, आपला नृसिंह! आपलं कल्चर कुठवर गेलं होतं!" एरवी तमिळ म्हटलं की नाक मुरडणारे हे गृहस्थ! मग बाबांची स्लाइड आली.

"हा कोण? टुरिस्ट दिसतोय. स्किप करू या."

"काका, मागे घ्या. ते हिचे वडील आहेत."

"अगं, टाइम नाही. लोक जेवायचे थांबलेत."

खटकन पुढची स्लाइड. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. नृसिंह आपला, आणि त्याचं तोंड पुसणारा टुरिस्ट? तरी चारचौघांत तमाशा नको म्हणून मी गप्प बसले, याची लाज आजही वाटते. मराठी न कळणारी ती मात्र सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होती.

परतताना गाडीत तिने विचारलं, "ते काका सारखं 'आपला, आपला' म्हणत होते. म्हणजे काय?"

मी सांगितलं, "आमच्यात दोन शब्द आहेत. समोरच्याला वगळून बोलायचं तर 'आमचा'. त्याला धरून बोलायचं तर 'आपला'."

"म्हणजे त्यांनी बाबांना धरलं होतं," ती म्हणाली आणि हसली.

मी "हो" म्हणाले. त्या खोट्या 'हो'बद्दल मी काकांना अजून माफ केलेलं नाही.