भावाचा डावा हात

आमचे एक मामा, म्हणजे आईचे मावसभाऊ, सोलापुरातले नावाजलेले सर्जन होते. अपेंडिक्स, हर्निया यांत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. हे मी आजही मान्य करते. पण तो माणूस मला तेव्हाही आवडला नाही, आताही आठवला की तोंड कडू होतं.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी माझ्या धाकट्या भावाच्या किडन्या निकामी झाल्या. तो भवानी पेठेतल्या एका कारखान्यात चादरींची नक्षी काढायचा. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, डायलिसिस करावं लागेल, त्याआधी मनगटाजवळची धमनी आणि शीर जोडून घ्या. शीर फुगायला काही आठवडे जातात, मगच तिच्यात सुया टोचता येतात.

मामा म्हणाले, "घरचा सर्जन असताना मुंबईत कशाला नंबर लावायचा? मी करतो."

मी विचारलं, "मामा, तुम्ही हे आधी केलंय का?"

"पोरी, पोटं फाडून शिवतो मी. ही एवढीशी शीर!"

आई माझ्यावरच डोळे वटारून म्हणाली, "मोठ्यांना असं विचारतात होय?"

त्यांनी भावाचा डावा हात घेतला. जोड जमला तर तिथं बोट ठेवल्यावर आत घरघर लागते. पहिल्या दिवशी ती होती, दुसऱ्या दिवशी बंद पडली. रक्त गोठलं होतं. मामांनी शिरेला दोष दिला, मग भावाच्या अंगकाठीला. नंतर त्याच हातावर कोपरापाशी पुन्हा चाकू चालवला. तेही बंद पडलं.

शेवटी आम्ही भावाला मुंबईला नेलं. तिथल्या सर्जननी तो हात उलटसुलट करून पाहिला. "कुणी केलं?"

मी सांगितलं. ते चिडले नाहीत. म्हणाले, "हे केसाएवढ्या दोऱ्याचे टाके. मी कितीतरी दिवस माझ्या सरांच्या शेजारी उभा राहून शिकलो, तरी सुरुवातीचे काही बिघडलेच. पोटाचं ऑपरेशन येतं म्हणून हे येत नाही." डाव्या हातात आता चांगली शीर उरली नव्हती. त्यांनी उजवा घेतला. घरघर टिकली.

भाऊ जगला. पण सुया नक्षी काढायच्या हातात. डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशीही तो पेन्सिल नीट धरू शकत नसे. पुढं कारखान्यानं दुसरा माणूस ठेवला.

दोन डायलिसिसच्या मधे तो एकदा मुंबईहून घरी आला होता, तेव्हा मामा जेवायला आले. भाकरी मोडत म्हणाले, "तुम्ही घाई केलीत. तिसऱ्यांदा जमलंच असतं."

"कुणाच्या हातावर, मामा?" मी म्हणाले. "जमत नव्हतं तर सांगायचं होतं. आधी कधी केलं नाही, एवढं तरी सांगायचं होतं."

"हिला आवर," ते आईला म्हणाले.

"मला आवरू नका. उत्तर द्या."

ते ताटावरून उठले. आई रडायला लागली. भाऊ मात्र चप्पल घालून त्यांना कोपऱ्यापर्यंत सोडायला गेला. परत आल्यावर म्हणाला, "म्हातारा माणूस हाय. जाऊ दे की."

मला त्याचाही राग आला.